बारावा गडी

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि बडोदा यांच्यातील रणजी करंडकाचा सामना आमच्या नाशिकला झाला. ज्या मैदानावर तो झाला त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. परंतु नाशिककरांच्या तोंडी ते अद्याप गोल्फ क्लबच आहे. सकाळची मिस्सा आटोपून आणि धर्मग्रामाची चार कामे दुपारवर ढकलून आम्हीही एक दिवस तेथे जाऊन बसलो. थंडीतले कोवळे ऊन होते. ड्रिंक्सची वेळ झाली तसे सीमारेषेबाहेर बसलेले दोन-तीन तरुण पाण्याच्या बाटल्या, टॉवेल आणि बदली ग्लोव्हज घेऊन मैदानात धावत गेले आणि थोड्याच वेळात परत येऊन पुन्हा आपापल्या खुर्च्यांवर बसले. खेळ सुरू झाला. त्यांच्याकडे कोणी पाहिलेही नाही.

आमच्या शेजारी आमच्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ होते. नाशिकरोडच्या प्रेसमधून काही वर्षांपूर्वी निवृत्त झालेले आणि रविवारी गायनवृंदात पेटी वाजविणारे. त्या तरुणांकडे पाहत ते म्हणाले, “फादर, आमचा धाकटा तीन वर्षं हेच करीत होता.”

मुलाची हकीकत आम्हांस थोडीफार ठाऊक होती, परंतु बापाच्या तोंडून ती आम्ही प्रथमच ऐकत होतो. अकराव्या वर्षी मुलाने चेंडू हाती घेतला. डावखुरा फिरकी गोलंदाज. सरावाचे मैदान घरापासून नऊ-दहा किलोमीटर दूर. पहाटे पाचला उठून, कानाला मफलर गुंडाळून तो सायकलने जात असे. पुढे एका संघाच्या पंधरा जणांत त्याची निवड झाली आणि सलग तीन हंगाम होत राहिली. त्या तीन हंगामांत प्रत्यक्ष खेळावयास मिळाले ते दोन सामने, आणि त्यांतलाही एक पावसाने धुऊन नेला. विसाव्या वर्षी त्याने किट माळ्यावर टाकले आणि अंबडच्या एका कारखान्यात नोकरी धरली.

“फादर,” ते गृहस्थ म्हणाले, “ही नऊ वर्षं वाया गेली का हो?”

आम्ही म्हणालो, “देवाची इच्छा, दुसरं काय!”

त्यांनी मान हलविली. ती होकाराची नव्हती, आदराची होती. पुढे त्या विषयावर ते बोलले नाहीत. आम्ही मात्र घरी परतलो ते अस्वस्थ होऊन. एका बापाने खरा प्रश्न विचारला होता आणि आम्ही त्याच्या हातावर सवयीचे उत्तर ठेवले होते. ज्याने पूर्ण तयारी केली पण ज्याला बोलावणे आलेच नाही, त्याच्या तयारीचे मोल काय? वाचकहो, हा प्रश्न क्रिकेटपुरता नाही. परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रतीक्षायादीत राहिलेला तरुण, वर्षानुवर्षे बदली शिक्षिका म्हणून काम करणारी भगिनी, ज्यांचे लग्न ठरता ठरता राहिले अशा आपल्या घरांतील ताई, ही सारी माणसे हाच प्रश्न मनात घेऊन मिस्सेला येतात. म्हणून त्याचा थोडा सावकाश विचार करू.

मराठीत अशा खेळाडूला आपण राखीव म्हणतो. शब्द चांगला आहे. शेतकरी हंगामाचे धान्य विकतो, खातो. परंतु त्यातले उत्तम ते बियाण्यासाठी राखून ठेवतो. राखलेले ते टाकलेले नव्हे. पण बियाण्याच्या वाट्याला एक मृगाचा पाऊस तरी येतो. माणसाच्या वाट्याला पेरणीच आली नाही तर?

या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेले. पद्माकर शिवलकर हे मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. १९६१-६२ च्या हंगामात ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. १२४ सामन्यांत त्यांनी ५८९ बळी घेतले आणि एका बळीमागे त्यांनी सरासरीने वीस धावाही दिल्या नाहीत. १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर तामिळनाडूविरुद्ध झाला. त्यात शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. मुंबईचे ते सलग पंधरावे अजिंक्यपद होते. असा हा गोलंदाज भारतातर्फे एकही कसोटी सामना खेळला नाही. कारण उघड होते. संघात डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची एकच जागा होती आणि तेथे बिशनसिंग बेदी उभे होते. १९६६ ते १९७९ या काळात बेदींनी ६७ कसोटी सामन्यांत २६६ बळी घेतले. बेदी वाईट असते तर शिवलकरांना कोणावर तरी रागावता आले असते. बेदी थोर होते.

शिवलकर रागावलेले दिसले नाहीत. ते गात, नव्या मुलांना शिकवीत आणि मैदानावर येत राहिले. निवृत्त झाल्यावर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९८७-८८ मध्ये, मुंबईने पुन्हा बोलाविले तेव्हा ते पुन्हा गोलंदाजीला उभे राहिले. ३ मार्च २०२५ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्याच जोडीचे हरियाणाचे राजिंदर गोयल. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. एकट्या रणजी करंडकात ६३७ बळी, आणि तेही बेदींच्याच काळात. नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या बंगलोर कसोटीत बेदी नव्हते. गोयल यांना संघात बोलाविण्यात आले. दार किलकिले झाले होते. सामन्याच्या सकाळी अंतिम अकरा जणांत त्यांचे नाव नव्हते. पुन्हा तशी सकाळ आली नाही. सुनील गावसकरांनी १९८३ साली आपल्या आदर्श खेळाडूंवर ‘आयडॉल्स’ हे पुस्तक लिहिले, त्यात या दोघांनाही स्थान दिले. क्रिकेट मंडळाने २०१७ मध्ये दोघांना एकत्रच जीवनगौरव पुरस्कार दिला. ज्यांना एक दिवसही भारताची कसोटी टोपी मिळाली नाही त्यांना जीवनगौरव, यात मंडळाची एक प्रकारची कबुलीच होती असे आम्हांस वाटते.

कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांचे नाव जुन्या वाचकांना आठवत असेल. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला काठियावाडविरुद्ध महाराष्ट्रातर्फे त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. मध्यंतराला काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला, आणि सामना तेथेच संपला. प्रथम श्रेणीच्या सामन्यात चारशेचा टप्पा ओलांडणारा एवढा मोठा फलंदाज. परंतु अधिकृत कसोटी सामना त्यांच्याही वाट्याला आला नाही. २०१२ साली, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते कोल्हापुरात निवर्तले.

आणि अमोल मुझुमदार. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या मुलांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, हे सर्वांना पाठ आहे. पॅड बांधून पुढचा फलंदाज म्हणून दोन दिवस बसून राहिलेला तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे मुझुमदार. पुढे १९९४ मध्ये मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात त्याने २६० धावा केल्या. १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, तीस शतके. भारतीय संघाचे बोलावणे कधी आले नाही.

अमेरिकेत तर ही प्रतीक्षा म्हणजे एक संपूर्ण व्यवस्थाच आहे. तेथील बेसबॉलच्या तीस मोठ्या संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली पायरीपायरीने लहान संघ असतात. शेकडो तरुण लहान गावांतून, बसने लांबलांबचे प्रवास करीत तेथे खेळतात. वर चढतात ते थोडे. आणि त्या लहान संघांतही बाकावर बसणारे असतात, म्हणजे प्रतीक्षेच्या घरातही आणखी प्रतीक्षा करणारे.

अशा माणसांचे सांत्वन आपण तीन प्रकारे करतो. तिन्ही तपासून पाहिले पाहिजेत.

पहिले सांत्वन म्हणजे, “धीर धर, तुझीही वेळ येईल.” हे प्रेमाने म्हटले जाते, परंतु ती दुसऱ्याच्या नावावर लिहिलेली हुंडी आहे. शिवलकरांची वेळ आली नाही. गोयल यांची एका सकाळपुरती येऊन परत गेली. जे आपल्या हाती नाही त्याचे वचन देणे हे सांत्वन नव्हे. ती हुंडी न वटता परत आली की ऐकणारा एकदा नशिबावर आणि एकदा आपल्यावर असा दोनदा निराश होतो.

दुसरे सांत्वन आमचेच, धर्मगुरूंचे: “देवाची इच्छा.” निवड समितीची बैठक एका खोलीत होते. चार-पाच माणसे चहा घेत यादी करतात. त्यांचा निर्णय कधी शहाणपणाचा, कधी घाईचा, कधी ओळखीपाळखीचा असतो. त्या यादीखाली देवाची सही आहे असे सांगण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? ईश्वर जे इच्छितो ते वेगळे आणि माणसाच्या स्वातंत्र्याचा मान राखून तो जे होऊ देतो ते वेगळे, हा भेद सेमिनरीत आम्हांस शिकविला होता. आणि तोच आम्ही गोल्फ क्लबच्या पायरीवर विसरलो. माणसांच्या चुकांचे ओझे देवाच्या खांद्यावर टाकणे ही श्रद्धा नव्हे. त्यात आम्हां सांत्वन करणाऱ्यांची सोय तेवढी असते.

तिसरे सांत्वन अधिक शहाणे वाटते: “केलेले कष्ट कोठे ना कोठे उगवतात.” याचे उदाहरणही ताजे आहे. अमोल मुझुमदार ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्यांच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. विजयानंतर कर्णधार हरमनप्रीत कौर त्यांच्या पाया पडली, ते दृश्य पाहून आमचेही डोळे भरून आले. परंतु जरा थांबून विचार करू. मुझुमदार प्रशिक्षक झाले नसते, तो सामना हरले असते, तर त्यांच्या अकरा हजार धावा कमी किमतीच्या ठरल्या असत्या काय? निंबाळकरांना असा दुसरा सूर्योदय दिसला नाही. म्हणून त्यांच्या ४४३ धावा वाया गेल्या काय? हे सांत्वन ज्यांच्या कष्टांचे पीक दिसून आले त्यांनाच लागू पडते. अंबडच्या कारखान्यातील त्या मुलाला त्याचा काय उपयोग?

मग उरते काय? येथे एक जुना आक्षेपही मांडला पाहिजे, कारण तो वजनदार आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात सद्गुण बाळगणे आणि सद्गुण वापरणे यांत भेद केला आहे. ऑलिंपिकचा मुकुट सर्वांत बलवान माणसाला मिळत नाही, जो प्रत्यक्ष स्पर्धेत उतरतो त्यालाच मिळतो, असे त्याचे म्हणणे. माणसाचे सौख्य कृतीत आहे. आयुष्यभर झोपलेल्या सज्जनाला कोणी सुखी म्हणणार नाही. या न्यायाने बाकावरचा खेळाडू म्हणजे झोपलेला सज्जन ठरतो.

आम्ही या आक्षेपापुढे बरेच दिवस अडलो. मग आमच्या ध्यानात आले की, तो मुलगा झोपलेला नव्हता. पहाटे पाचला तो जागा होता. सराव ही देखील कृतीच आहे. चेंडूची शिवण बोटांत धरून, एकाच टप्प्यावर तो दोनशे वेळा टाकणे ही कृती आहे आणि ती चांगली किंवा वाईट, प्रामाणिक किंवा कामचुकार असू शकते. इतकेच नव्हे, तर ती इतरांसाठीही असते. सामन्यात फलंदाज शतक काढतो, तेव्हा आठवडाभर त्याला नेटमध्ये गोलंदाजी कोणी केलेली असते? धावफलकावर ते नाव येत नाही, पण शतकात ते असते. बाराव्या गड्याला नियमाप्रमाणे फलंदाजी नाही, गोलंदाजी नाही; दुसऱ्याच्या जागी क्षेत्ररक्षण करायचे, झेल घेतला तरी धावफलकावर फक्त ‘बदली खेळाडू’ असे लिहून घ्यायचे. तरी त्याला सामना अकरा जणांइतक्याच लक्षाने पाहावा लागतो, कारण हाक केव्हा येईल ते त्याला ठाऊक नसते.

म्हणून आम्ही या निष्कर्षाप्रत आलो आहोत की, येथे हिशेबाच्या दोन वह्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिल्या वहीत माणसाने काय केले, तो काय झाला, त्याने इतरांना काय दिले, याची नोंद असते. ती वही त्याची स्वतःची. निवड झाली म्हणून तीत जमा वाढत नाही, आणि निवड झाली नाही म्हणून तीतले काही खोडले जात नाही. दुसऱ्या वहीत इतरांनी त्याच्याशी काय केले ते असते: संधी दिली की नाकारली, न्याय केला की अन्याय. “वाया गेले का?” हा प्रश्न पहिल्या वहीचा, आणि त्याचे उत्तर “नाही” असे आहे. “अन्याय झाला का?” हा प्रश्न दुसऱ्या वहीचा; त्याचे उत्तर प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते. आपण सांत्वन करणारे लोक पहिल्या वहीतील जमेने दुसऱ्या वहीतील देणे फेडू पाहतो. “तुला खेळवलं नाही, पण तू किती चांगला माणूस झालास!” हे म्हणणे खरे असले तरी अप्रामाणिक आहे, कारण त्याने न खेळविणारा परस्पर सुटतो.

हा भेद किती आवश्यक आहे ते पळवंकर बाळू यांच्या चरित्रावरून कळते. चर्मकार समाजातील हा थोर गोलंदाज पुण्याच्या युरोपियन क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीत होता. तेथे साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता तो घडला. पुढे हिंदूंच्या संघातून खेळताना त्याच्या चेंडूवर सामने जिंकले जात, परंतु चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही भावंडांनी आणि जनमताने आवाज उठविल्यानंतर. शिवलकरांच्या वाटेत एक थोर गोलंदाज उभा होता. बाळूंच्या वाटेत भिंत उभी होती. बाहेर राहणे दोघांच्याही नशिबी आले, म्हणून दोन्ही गोष्टी एकच ठरत नाहीत. जागा अकराच असतात, हे दुःख सोसावे लागते. भिंत मात्र सोसायची नसते, पाडायची असते. आणि बाळूंना कोणी “देवाची इच्छा” असे म्हटले असेल, तर तो देवाचा अपमानच होता.

निवड करणाऱ्यांना येथे दोन शब्द सांगणे प्राप्त आहे, आणि त्यांत आम्हीही आलो. गायनवृंदात एकल गायन कोणी करायचे, नाताळच्या नाटिकेत मरियामाता कोण होणार, मंडळावर कोण, हे आम्हीच ठरवितो. आजवर आम्ही यादी फलकावर लावीत आलो. यादीत ज्यांची नावे नसतात त्यांनी ती फलकासमोर चारचौघांत उभे राहून शोधावी आणि न सापडता घरी जावे, यात काही गैर आहे असे आमच्या मनात आलेच नाही. निवड करणे पाप नाही. ती करावीच लागते. परंतु ज्याला वगळले त्याला समोर बसवून कारण सांगणे, एवढे ऋण निवड करणाऱ्यावर राहते.

आता बाकावरच्या माणसाची एक गोष्ट, जी तो सहसा कोणाला सांगत नाही. आम्ही ती सांगू शकतो, कारण आम्ही स्वतः बाराव्या जागेचे अनुभवी आहोत. सेमिनरीत आमच्या वर्गाच्या संघात आमची जागा कायम बाकावर असे. एका मोठ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या एका सहाध्यायाचा घोटा मुरगळला. रात्रीच्या प्रार्थनेला गुडघे टेकले, ओठांनी स्तोत्र म्हणत होतो, आणि मन काय मागत होते? घोटा सकाळपर्यंत बरा होऊ नये. सकाळी तो बरा झालेला होता. खेळता खेळता पाणी प्यायला आला, आणि आमचा चेहरा पाहून त्यानेच विचारले, “काय रे, बरं वाटत नाही का?” आमच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. ते म्हणाले, हा मोह मोठ्या जागांसाठी थांबणाऱ्यांना अधिक होतो. आत्ताच ओळखून ठेवा.

राखीव माणसाची हीच खरी परीक्षा आहे. त्याची संधी बहुधा दुसऱ्याच्या दुखापतीतून येते. २०२५ च्या त्याच विश्वचषकात सलामीची फलंदाज प्रतिका रावल हिने न्यूझीलंडविरुद्ध शतक काढले, आणि पुढच्याच, बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना ती जायबंदी झाली. मूळ संघात नसलेल्या शफाली वर्माला ऐन वेळी बोलाविण्यात आले. अंतिम सामन्यात शफालीने ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि सामनावीर ठरली. प्रतिका चाकांच्या खुर्चीवर बसून विजयोत्सवात सामील झाली. एकीचा उदय दुसरीच्या अस्तातून झाला. परंतु एकीने दुसरीचे वाईट चिंतले नव्हते. तयार राहणे आणि टपून बसणे यांत हाच फरक आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दोघेही पॅड बांधून बसलेले असतात.

त्याच स्पर्धेत वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज हिला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून वगळले होते. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ धावा केल्या. आपल्या श्रद्धेविषयी ती त्या दिवशी मोकळेपणाने बोलली, आणि त्या आठवड्यांत आपण किती रडलो तेही तिने लपविले नाही. हे आम्हांस विशेष वाटले. श्रद्धा असली म्हणजे वगळले जाण्याचे दुःख होत नाही, असे समजणाऱ्यांनी तिचे बोलणे ऐकावे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात एक राखीव माणूस आहे, ज्याच्यावर आम्ही इतक्या वर्षांत एकही प्रवचन केलेले नाही. यहूदाची जागा भरायची होती. अट अशी होती की, योहानाच्या बाप्तिस्म्यापासून स्वर्गारोहणापर्यंत जो प्रभूबरोबर होता असाच माणूस हवा. दोघे त्या कसोटीला उतरले: मत्थिय, आणि युस्त हे उपनाव असलेला योसेफ बर्सबा. प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या, चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. त्याची आठवण ख्रिस्तसभा दरवर्षी साजरी करते. आणि युस्त? त्या अध्यायानंतर त्याचे नाव पुन्हा येत नाही. परंतु पात्रतेची जी अट मत्थियाने पूर्ण केली होती ती त्यानेही पूर्ण केली होती. ती सारी वर्षे तोही प्रभूबरोबर चालला होता. चिठ्ठी निघाली नाही म्हणून ते चालणे रद्द झाले नाही. पुढे इतिहासकार युसेबियस याने एक जुनी आठवण नोंदविली आहे की, युस्ताने विष प्राशन केले तरी प्रभूकृपेने त्याला इजा झाली नाही. ती खरी की आख्यायिका, या वादात आम्ही पडत नाही. त्या आठवणीतून एवढे कळते की, निवड न झाल्यावरही तो याच माणसांत राहिला आणि माणसांनी त्याला लक्षात ठेवले.

तसेच द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तातील शेवटच्या तासाचे मजूर. आम्ही नाशिकचे लोक द्राक्षमळे जाणतो, आणि सकाळी चौकात कामाची वाट पाहत उभे राहणारे मजूरही जाणतो. संध्याकाळी मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते सांगतात, आम्हांला कोणी कामावर घेतले नाही. मालक या उत्तराची उलटतपासणी करीत नाही. तो त्यावर विश्वास ठेवतो, आणि मजुरी देताना ज्या तासांत त्यांना कोणी बोलाविले नाही ते तास कापून घेत नाही. उभे राहणेही त्याच्या वहीत धरले गेले. परंतु दृष्टान्तात आणखी एक गोष्ट आहे, जी आपण विसरतो: मालक स्वतः पुन्हा पुन्हा चौकात गेला. निवड करणाऱ्याने एकदाच यादी करून घरी बसायचे नसते.

हे सर्व मनाशी जुळवून, गेल्या नोव्हेंबरात, विश्वचषकानंतर, आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. धाकटा पहिली पाळी संपवून नुकताच आला होता. आम्ही आमची चूक कबूल केली आणि दोन वह्यांची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता. मग म्हणाला, “फादर, त्या वर्षी आमच्या सलामीच्या फलंदाजाने दोन शतकं काढली. डावखुऱ्याला तो चाचपडायचा. रोज सकाळी तासभर त्याला मीच टाकायचो.” थोडा वेळ थांबून तो पुढे म्हणाला, “पण का घेत नाहीत, ते एकदा तरी कोणी सांगायला हवं होतं.”

दोन्ही वाक्ये आम्ही जशीच्या तशी ठेवून घेतली आहेत. पहिल्यावर आम्ही त्याचे अभिनंदन केले. दुसऱ्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि या वेळी आम्ही ते देण्याचा प्रयत्नही केला नाही.

गेल्या नाताळच्या नाटिकेची यादी आम्ही फलकावर लावण्यापूर्वी, ज्या दोन मुलींची निवड झाली नव्हती त्यांना बोलावून घेतले आणि कारण सांगितले. एकीच्या डोळ्यांत पाणी आले. दुसरीने विचारले, “फादर, तरी तालमीला आले तर चालेल?”

आम्ही म्हणालो, “ये.”